मार्चअखेरीस वासोटा: सावलीवर किती विसंबायचं?

साठीच्या आई-बाबांना घेऊन मार्चअखेरीस कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर जावं का, आणि 'सगळी वाट झाडीतली, मग उन्हाचा काय त्रास' हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

झाडीचं खरं आहे. होळीपर्यंत सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी डोंगर बोडके होतात, पळस-पांगारा तेवढा फुललेला दिसतो. कोयनेच्या रानात मात्र अंजनी, जांभूळ पानं धरून असतात. अंजनीच्या फांद्यांना चिकटून आलेली निळी-जांभळी फुलं बघायला मी तरी मुद्दाम याच दिवसांत जातो. पण सावली म्हणजे गारवा नव्हे. झाडीत वारा नसतो, चढ खडा, घामाच्या धारा लागतात. आणि ऊन लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. माणशी तीन लिटर खालूनच घ्या. पायथ्याच्या मारुतीजवळचा ओढा किंवा गडावरची टाकी धरून हिशेब करू नका.

खरी गोम पाचोळ्यात आहे. वाटेवर तो घोटाभर साचतो, खाली गोटे आणि मुळं लपतात. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सटकतो. गुडघे कुरकुरत असतील तर काठी हवीच. पाचोळ्यात फुरसं (छोटा विषारी साप) बसलं असेल तर दिसत नाही, म्हणून घोटा झाकणारे बूट घाला आणि टेकायला हात कुठेही घालू नका. अंगभर कपडे हवेतच, कारण खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून कुसं उचलायची.

आता वेळेचं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीहून पायथ्यापर्यंत लाँचला तासाच्या वर लागतो, वनखात्याकडे नोंद करावी लागते, गडावर मुक्काम करता येत नाही आणि अंधाराआधी परतायचं असतं. म्हणून आदल्या रात्रीच बामणोलीला पोचा आणि सकाळची पहिली लाँच धरा. शिवसागराचं पाणी तोवर ओसरलेलं असतं, त्यामुळे किनाऱ्यापासून झाडीपर्यंत उघड्यावरची चाल वाढते. ती कुणी हिशेबात धरत नाही, आणि परतताना नेमकी भर दुपारी वाट्याला येते. पुढची नागेश्वरची गुहा या खेपेला सोडा.

माथा उघडा आहे, तिथे फार रेंगाळू नका. बाबूकड्यावरून कोकण धुरकटच दिसेल, फोटोंची फार आशा नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात; अत्तर, सिगारेट, आरडाओरडा यातलं काही नको. उतरताना पाण्याच्या आसपास गवा दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या.

आई-बाबा सिंहगड पायवाटेने फारसे न थांबता चढत असतील, तर खुशाल न्या. नसतील, तर लाँचने पलीकडे जाऊन मारुतीपर्यंतच रानात फिरा, डबा खा आणि परत या.