हप्ते चालू असलेलं घर दिराला भाड्याने देताना

ताई, वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, तुमची बदली सुरतेला झाली आणि धाकटे दीर बायको-मुलासह तिथे राहायला येताहेत. "घरातल्या घरात कसला करार?" असं सासूबाई म्हणतात. तरीही करार कराच. आणि त्याच्याही आधी बँकेत जाऊन या.

कर्ज घेताना सह्या केलेली कागदपत्रं काढून नीट वाचा. बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही, असं कलम त्यात बहुधा असतं. राहणारा सख्खा दीर आहे म्हणून ते सुटत नाही. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सहीचा साधा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. हप्ते वेळेवर जात असतील तर सहसा कोणी अडवत नाही. कागदात काहीच लिहिलेलं नसलं, तरी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार गहाण घराचा भाडेपट्टा 3 वर्षांपलीकडे करता येत नाही आणि भाडंही वाजवी लागतं. ही संमती दिरांसाठीही हवी. उद्या हप्ते थकून बँक ताबा घ्यायला आली, तर संमतीशिवाय राहणाऱ्याची बाजू फार लंगडी पडते.

मी हे सगळं टाळलं होतं. कारेलीबागचा आमचा फ्लॅट भाच्याला दिला, तो नुसत्या तोंडी बोलण्यावर. "मामा, दर महिन्याला टाकतो ना!" हप्ता 5 तारखेला जायचा, त्याचं भाडं यायचं 15-16 ला. एका महिन्यात खात्यात पैसे कमी पडले, हप्ता परत गेला, दंड बसला आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद झाली. मला त्याला बोलवेना, आणि त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर तो पतंग उडवत होता, फिरकी माझ्या हातात होती, आणि दुपारभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. बहिणीच्या ते लगेच लक्षात आलं.

मग कागद केला. भाडं 1 तारखेला, थेट हप्त्याच्या खात्यात. लाइट बिल आणि मेन्टेनन्स त्याच्याकडे, घरवेरा (घरपट्टी) माझ्याकडे. गीझर बिघडला तर खर्च कुणाचा, हेसुद्धा लिहिलं. मुदत 11 महिने ठेवली, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहितीही दिली. नातेवाईक असला तरी ती द्यावी.

आता आयकर. नातं बघून भाडं फार कमी लावू नका, कारण भागातलं चालू भाडं जास्त असेल तर हिशेबात तेच धरलं जाऊ शकतं. समजा महिना 12,000, म्हणजे वर्षाचे 1,44,000. भरलेला घरवेरा 4,000 गेला, उरले 1,40,000. त्यातले 30 टक्के, म्हणजे 42,000, दुरुस्तीची पावती न दाखवता वजा होतात, राहिले 98,000. त्यातून कर्जाचं व्याज वजा करायचं. व्याज 2,10,000 असेल तर तोटा 1,12,000. जुन्या करपद्धतीत असा तोटा 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. म्हणून पद्धत निवडण्याआधी दोन्हींचे आकडे मांडून बघा. दीर ऑफिसात घरभाड्याची सवलत मागणार असतील तर भाडं बँकेतूनच घ्या, पावत्या द्या आणि ते उत्पन्न तुमच्या रिटर्नमध्ये दाखवा.

सासूबाईंना करार वाचून दाखवा आणि साक्षीदार म्हणून त्यांचीच सही घ्या. आमच्या कागदावर बहिणीची आहे.