मध-सोयाचा ग्लेझ लावून सॅल्मन ग्रिल केला की वरून जळतो आणि आत कच्चा राहतो, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मध आणि सोया सॉस कालवून त्यात तुकडे तासभर ठेवता, मग तसेच उचलून कडक तापलेल्या ग्रिलवर टाकता, आणि दोन-तीन मिनिटांत वरचं काळं होतं, आतलं थंडच आणि कातडी जाळीला चिकटून बसते. अहो मग ते होणारच. ग्लेझ, म्हणजे हा गोड-खारट चकचकीत लेप, मासा मुरवायला नसतोच, तो अगदी शेवटी लावायचा असतो, मासा जवळजवळ शिजला की. एवढं एक बदललंत तरी तुमचं निम्म्याहून जास्त काम झालं.

कारण साधं आहे. मधात जी फ्रुक्टोज असते ती साधारण ११० अंश सेल्सिअसलाच रंग धरायला लागते, साधी साखर १६० च्या आसपास, आणि तापलेल्या ग्रिलची जाळी आरामात २०० च्या वर असते, तिकडे अडीच सेंटीमीटर जाड तुकड्याला शिजायला ८ ते १० मिनिटं तरी लागतात. म्हणजे मध आधी करपणार, मासा मागाहून शिजणार. त्यात मुरवलेला तुकडा ओला आणि चिकट, त्यामुळे कातडी कुरकुरीत व्हायची सोडून जाळीला धरून बसते.

आता मी कसं करते ते सांगते. चार तुकड्यांना (प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास) चार टेबलस्पून सोया सॉस, तीन टेबलस्पून मध, एक टेबलस्पून व्हिनेगर, चमचाभर किसलेलं आलं आणि दोन लसूण पाकळ्या ठेचून, सगळं लहान पातेल्यात मंद आचेवर. मीठ घालू नका, सोया आटला की खारटपणा वाढतो. इथे जरा लक्ष द्या, सुरुवातीला मोठे मोठे बुडबुडे येतात आणि पटकन फुटतात, चार-पाच मिनिटांत ते बारीक, चकचकीत आणि आळशी व्हायला लागतात आणि सगळंच फेसासारखं वर येतं, तेव्हा गॅस बंद. चमचा बुडवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. एकतारी पाकाच्या थोडं अलीकडे थांबायचं, कारण गार झाल्यावर तो अजून दाट होतो, आणि जास्त झालाच तर चमचाभर गरम पाणी घालून सैल करता येतो. लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावरच. मग दोन वाट्यांत अर्धा अर्धा काढून ठेवा, एक ब्रशने लावायला, एक ताटात वरून घालायला, कारण अर्धवट शिजलेल्या माशाला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडतो ती वाटी थेट जेवणात नको. हा ग्लेझ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस छान राहतो, त्यामुळे रविवारी करून ठेवला तर कामावरून आल्यावर फक्त मासा भाजायचा उरतो.

मासा फ्रोझन असेल तर सकाळी निघताना फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. व्हॅक्यूम पॅक असेल तर पाकीट आधी कापून उघडं करा, बिनहवेच्या पाकिटात मासा वितळत ठेवला तर बोटुलिझमचे (म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढायचा धोका असतो, बहुतेक पाकिटांवर हे लिहिलेलंही असतं पण वाचतं कोण. कातडीवाले तुकडेच घ्या, ग्रिलवर ती कातडीच माशाला सांभाळते. मधल्या जाड भागावरून बोट फिरवून बघा, टोचलं काही तर चिमट्याने काटा ओढून काढा, ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेला. मग टिश्यूने तुकडे कोरडे करा, नुसते टिपू नका, अगदी खडखडीत, विशेषतः कातडीची बाजू. किंचित मीठ, आणि तेल माशालाच लावा.

ग्रिल दहा मिनिटं तापवा, जाळी घासून साफ करा (मागच्या वेळचं जळकं राहिलं असेल तर कितीही तेल लावा, चिकटणारच), आच मध्यमच्या जरा वर. तुकडे कातडी खाली करून ठेवा, झाकण लावा आणि पाच-सहा मिनिटं हात लावू नका. उलटायचं तर नाहीच, मी तरी उलटत नाही. वरच्या बाजूला जाळीच्या रेघा हव्याच असतील तर आधी मांसाची बाजू खाली करून दोन मिनिटं, ग्लेझशिवाय, आणि मग कातडीवर. घड्याळापेक्षा तुकड्याच्या कडेकडे बघा, गडद नारिंगी रंग खालून वर फिकट गुलाबी होत चढत जातो, तो दोन तृतीयांश वर आला की ग्लेझचा पहिला हात द्या, झाकण, दोन मिनिटं, परत एक हात, अजून एखाद मिनिट, संपलं. शेपटीकडचे पातळ तुकडे दोन-तीन मिनिटं उशिरा ठेवा म्हणजे सगळे एकदम तयार होतील.

वर पांढरा चिकट पदार्थ आला तर घाबरू नका, ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आहे, खायला काहीच हरकत नाही, फक्त आच जास्त झाली किंवा मासा जास्त शिजला एवढंच ते सांगतं. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्याने ते कमी येतं पण आठवड्याच्या मधल्या दिवशी एवढी उठाठेव मी करत नाही.

थर्मामीटर असेल तर उत्तमच. अमेरिकेतल्या सरकारी सूचनांनुसार माशाचं आतलं तापमान ६३ अंश व्हायला हवं, घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर तेच पाळा. बरेच शेफ त्याआधीच, ५२-५४ ला उतरवतात, मलाही तसाच आवडतो, आतून मऊ आणि ओलसर, उतरवल्यावरही तो दोन-तीन अंश चढतोच. शेतीतला अटलांटिक सॅल्मन चरबीवाला असतो, थोडा जास्त शिजला तरी सांभाळून घेतो, समुद्रातला सॉकाय जातीचा सॅल्मन मात्र कमी चरबीचा आणि सहसा पातळ, तो बघता बघता कोरडा पडतो, त्याच्याजवळून हलू नका.

बाहेरचं ग्रिल नसेल तर ग्रिल पॅनवर हेच सगळं होतं, फक्त ग्लेझ लावायच्या आधी गॅस बारीक करा. ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली करायचं असेल तर तुकडे कॉइलपासून पंधरा सेंटीमीटर तरी खाली ठेवा आणि ट्रेवर फॉइल अंथरा, सांडलेला मध जळून असा घट्ट बसतो की दुसऱ्या दिवशी घासायला नको होतं.

फॉइलमध्ये गुंडाळून केला तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. चालेल, मासा मऊ होईल आणि चिकटायची भानगडही नाही, पण आत वाफ कोंडते त्यामुळे ग्लेझ पातळ होऊन खाली वाहून जातो, तर शेवटची दोन-तीन मिनिटं फॉइल उघडा आणि ग्लेझ तेव्हाच लावा. उरलाच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी थंडच खा, कुस्करून भातावर किंवा सॅलडमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर कोरडा तर पडतोच शिवाय ऑफिसभर वास सुटतो.