चौसष्ट हजारांचा चार्जर घ्यावा का?

बडोद्याहून, समा भागातून एका बाईंचं पत्र आलं आहे. स्वतःचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र बैठं घर आहे, मीटर कंपाउंडच्या भिंतीवर, तिथून पोर्च अकरा मीटर. नोकरी हालोलला, म्हणजे जाऊन-येऊन रोज ऐंशी किलोमीटर. दिवाळीआधी इलेक्ट्रिक गाडी येते आहे. चार्जर बसवायला तीन जणांनी तीन भाव दिलेत. डीलरच्या माणसाने ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, फिटिंगसह ६४,००० सांगितला. एका लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरने गाडीबरोबर येणाऱ्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरसाठी वेगळी लाइन आणि अर्थिंग करून द्यायचे १७,५०० सांगितले. सोसायटीतला ओळखीचा वायरमन गीझरच्या लाइनवरून सॉकेट काढून द्यायला तयार आहे, ४,५०० मध्ये. एफडी मोडून चांगला चार्जर घ्यावा, की डीलर म्हणतो तसे पैसे गाडीच्या लोनमध्येच घालावेत, असं त्या विचारतात.

ताई, १७,५०० वाल्याला काम द्या. एफडी मोडू नका, लोनही वाढवू नका.

आधी तुमचा रोजचा खर्च मांडू. अशी गाडी हायवेवर एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर चालते असं धरलं, तर ऐंशी किलोमीटरला बारा-सव्वाबारा युनिटं लागतात. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर चौदा धरा. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी सव्वाचार तास पुरतात. तुम्ही रात्री आठला घरी येता आणि सकाळी सातला निघता. मधले अकरा तास गाडी पोर्चमध्येच उभी असते. ७.२ चा चार्जर हेच काम दोन तासांत करील आणि उरलेले नऊ तास भिंतीवर टांगलेला राहील.

पेट्रोल ९५ रुपये, आत्ताच्या गाडीचा अॅव्हरेज १५ आणि महिन्याचे चोवीस दिवस धरले तर आज तुमचे १२,००० च्या वर जातात. सगळे अधिभार धरून युनिट नऊ रुपयांना पडलं तरी विजेचा खर्च ३,००० च्या आसपास राहील. महिन्याचे नऊ हजार वाचतात ते गाडी बदलल्यामुळे. चार्जर कुठलाही बसवला तरी ते तेवढेच वाचणार आहेत. वरचे साडेशेहेचाळीस हजार त्यात एक रुपयाचीही भर घालत नाहीत.

लोनचं गणितही बघा. ६४,००० साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या हप्त्यात घातले की परत करताना ते ८८,००० च्या घरात जातात. शिवाय डीलरने तुम्हाला व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल असं सांगितलंय. ती कलम ८०ईईबीची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. तुमच्या कर्जाला ती लागू नाही, तेव्हा ती धरून हिशेब करू नका.

आता ४,५०० बद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाकडे असंच सॉकेट बसवलं होतं. दीड महिन्याने प्लग निघेना. ओढून काढला तर पितळी पिना काळ्या पडलेल्या, सॉकेटची भोकं तपकिरी होऊन पसरलेली आणि भिंतीचा रंग हातभर वरपर्यंत धुरकटलेला. वायरमन काही लबाड नव्हता. गीझर वीस मिनिटं चालून बंद होतो, तेवढ्यात वायर तापली तरी निवते. गाडी मात्र तोच पंधरा अँपियरचा करंट सलग चार-पाच तास, रोज रात्री ओढते. अडीच एमएमच्या जुन्या वायरीचे सांधे तिथे टिकत नाहीत. घरात माणसं झोपलेली असताना हे चालू असतं, म्हणून इथे तेरा हजार वाचवायला मी कुणालाच सांगणार नाही.

कॉन्ट्रॅक्टरकडून काम घेताना कोटेशनवर एवढं लिहून घ्या. मीटरपासून स्वतंत्र लाइन, मधे कुठेही जोड नाही. स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), तीही ए टाइपची. नेहमीची एसी टाइपची चालणार नाही, कारण गाडीच्या चार्जरमुळे होणारी गळती तिला नीट कळेलच असं नाही. अर्थिंग मोजून आकडा बिलावर. अर्थिंग कच्चं असेल तर बरेचसे चार्जर लाल दिवा लावून चार्जिंग सुरूच करत नाहीत. वायर चारऐवजी आत्ताच दहा एमएमची तांब्याची ओढायला सांगा. दोन-तीन हजार जास्त जातील, पण पुढेमागे मोठा चार्जर घ्यावासा वाटला तर पुन्हा भिंत खणावी लागणार नाही. कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स बघा, टेस्ट रिपोर्ट आणि पक्कं बिल घ्या. शेवटचे पाच हजार पहिल्या रात्रीच्या चार्जिंगनंतर द्या. तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर चार्जिंग बंद करा आणि त्याला परत बोलवा.

तुम्ही समात राहता, तर सॉकेट नेहमीच्या उंचीवर लावू देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तुमच्या पोर्चमध्ये कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या खुणेच्या हातभर वर सॉकेट आणि एमसीबीचा डबा, आणि पाणी चढायला लागलं की आधी तो एमसीबी खाली.

तुमचा मंजूर लोड तीन किलोवॅट आहे. दोन एसी आणि गाडी एकदम चालली की तो ओलांडतोच, तेव्हा वीज कंपनीकडे अर्ज करून वाढवून घ्या. डिपॉझिट आणि फिक्स चार्ज थोडा वाढेल, त्याला इलाज नाही. गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क ग्राहकांना २०२४ पासून नियमातच आहे. पण ती घाई नको. सहा महिन्यांची बिलं समोर ठेवून घरचा दर आणि वेगळ्या कनेक्शनचा दर, दोन्हींचा हिशेब करू.

एफडी कशाला राखून ठेवायची तेही सांगते. गाडीला महिन्याला सुमारे ३३५ युनिटं लागतील. तीन किलोवॅटचं सोलर आपल्याकडच्या उन्हात महिन्याला साधारण तेवढीच वीज देतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० ची सबसिडी आहे आणि गच्ची तुमची स्वतःची आहे. एफडी मार्चमध्ये पिकते असं तुम्ही लिहिलंय. तोवर सोलरवाल्यांची दोन-तीन कोटेशनं आणून ठेवा आणि मला पाठवा.