प्रिंटचा रंग बिघडतो कुठे? वाचकांचे प्रश्न

कोथरूडहून प्रश्न: पैठणीच्या फोटोत स्क्रीनवर सगळं ठीक, पण प्रिंटमध्ये चेहऱ्यांवरही गुलाबी झाक येते. नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबली आहेत का ते पाहायची छपाई) स्वच्छ आहे.

मग शाईला दोष नको. बहुधा रंगांची दुरुस्ती दोनदा होतेय: एकदा फोटोशॉपमध्ये, पुन्हा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये. गुलाबी झाक ही त्याची नेहमीची खूण. प्रिंट विंडोत ‘कलर हँडलिंग’ला ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि त्याखाली तुमच्या प्रिंटरचं, त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या जोडीवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल. मग ‘प्रिंट सेटिंग्ज’मधून ड्रायव्हर उघडून त्याचं रंगकाम बंद करा: एप्सनला ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’, कॅननला कलर मॅचिंग ‘नन’. लोक विसरतात ते नेमकं हेच, म्हणून प्रीसेट सेव्ह करून ठेवा.

रेंडरिंग इंटेंट (छापता न येणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ ठेवा, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ (गडद भागातले बारकावे जपणारा पर्याय) चालू. जांभळ्या पदराच्या चुण्या एकजीव होऊन सपाट ठिगळ दिसत असेल, तर मात्र ‘पर्सेप्चुअल’ वापरून पाहा. बाकीचे रंग किंचित फिके होतील, पण चुण्या परत दिसतील.

सदाशिव पेठेतून प्रश्न: प्रिंट काळपट येतात. फोटो उजळ करून छापू का?

नको, मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा. दुकानातून येतो तेव्हा तो डोळे दिपवण्याइतका प्रखर असतो; छपाईसाठी ८० ते १२० निट्स (स्क्रीनच्या प्रखरतेचं माप) पुरतात. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) असेल तर पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटांची उजळी ठरवणारा गॅमा २.२. नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात फोटोपेपर धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. पिवळ्या बल्बखाली प्रिंट तपासूच नका.

हडपसरहून प्रश्न: टँक प्रिंटरमध्ये बाहेरची शाई भरतो. कंपनीचं प्रोफाइल चालेल?

भरवसा नाही. ते त्यांच्याच शाईसाठी आणि कागदासाठी बनवलेलं असतं. स्वतःचं करून घ्या: रंगचौकटींचा टार्गेट कुठलीही दुरुस्ती न लावता छापा, २४ तास वाळू द्या, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजायच्या यंत्राने) मोजून त्यावरून प्रोफाइल बनवून घ्या. टार्गेटला जो ‘मीडिया टाइप’ लावला तोच पुढे कायम ठेवायचा, कारण शाई किती पडायची ते त्यावर ठरतं. आणि पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं टाकू नका. दमट कागदावर शाई वाळायला वेळ घेते.

निगडीहून प्रश्न: लॅबला कोणती फाइल द्यावी?

लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबी (सर्वसाधारण स्क्रीनची रंगपद्धत) जेपीईजी, प्रोफाइल फाइलमध्येच एम्बेड करून, छापायच्या मापात ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल). लॅबचं ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुमची मेहनत त्यांचं मशीन पुसून टाकेल.