साठीनंतर लागलेली दारू

ताई, आम्ही घाटंजी तालुक्यातले. बाबा ६४ वर्षांचे, उभ्या जन्मात दारूला शिवले नव्हते. आई गेली, वावर मी पाहायला लागलो आणि दीड वर्षात देशीचा रोजचा पव्वा झाला. सकाळी हात थरथरतात, घेतली की थांबतात. शुगरची गोळी चालू आहे. पोळा झाला की माळ घालून एकदम बंद करायचं ठरलंय. कोणी म्हणतं, चहातून पूड द्या. काय करू?

भाऊ, माळ जरूर घाला, पण दवाखान्यातून आल्यावर. सकाळी थरथरणारा हात म्हणजे अंगाला दारूची सवय जडली आहे. अशाने एकदम सोडली तर सहा ते चोवीस तासांत घाम, उलट्या, थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस बरळतो, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. गावात याला ‘बाहेरचं’ म्हणतात, उतारे करण्यात दोन दिवस जातात आणि माणूस हातचा जातो.

इतक्या उशिरा का लागली? पहाटेपासून वावरात राबणाऱ्या माणसाची संध्याकाळ अचानक रिकामी झाली, शेजारची बाजही रिकामी. दारूने झोप लागते, पण रात्री दोन-तीनला मोडते. मग पुन्हा घोट. त्यात म्हातारपणी अंगातलं पाणी घटतं, म्हणून तरुणाला जेवढी चढते त्याहून तेवढीच दारू बाबांना जास्त चढते. देशीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या पव्व्यातून साधारण ६० ग्रॅम पोटात जातं. ‘एकच तर घेतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब कुणी सांगत नाही.

शुगरच्या गोळीची काळजी वेगळी. उपाशीपोटी दारू प्यायल्यावर यकृत रक्तात साखर सोडत नाही, आणि काही गोळ्या साखर आणखी खाली नेतात. अंग गार, दरदरून घाम, जीभ जड. सगळ्यांना वाटतं चढली आहे, झोपू द्या. झोपू देऊ नका. शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करा.

चहातली पूड अजिबात नको. अशा काही पुड्यांत डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असतं. वरून दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं. हे औषध रुग्णाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच देतात.

यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात न्या. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. सहसा आठवडाभर भरती करून झटके टाळणाऱ्या गोळ्या देतात आणि रोज कमी करत आणतात. गावात कुणी ग्लुकोजची सलाईन लावत असेल तर आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का, हे विचारा. ते न देता ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. उशिरा लागलेली दारू उपचाराला बऱ्यापैकी दाद देते. घरी आल्यावर मात्र संध्याकाळी पाच ते आठ त्यांच्या हाती काहीतरी द्या. गाईची धार, दुधाचा हिशेब, काहीही. फक्त मन राखण्यापुरतं नको, खरं काम हवं.

जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि किती पितात ते लाजून कमी सांगू नका. त्या आकड्यावरच औषधाचा डोस ठरतो.