होमर पंथाच्या गळाला कसा लागतो?

प्रश्न : ‘द सिम्पसन्स’सारख्या कार्टून मालिका पंथांची टिंगल करतात. ती भाबड्या अनुयायांची चेष्टा नव्हे का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. १९९८चा ‘द जॉय ऑफ सेक्ट’ हा भाग पाहा. त्यात एक पंथ लोकांना ओढण्यासाठी फिल्म दाखवतो. ती चालू असताना कुणी उठलं की त्याच्यावर प्रकाशझोत पडतो. ‘जायला मोकळे आहात’ असं गोड आवाजात सांगतात आणि माणूस ओशाळून खाली बसतो. ही भीड किती खरी आहे! मालिकेतला बाप होमर मात्र कशालाच बधत नाही. शेवटी ‘बॅटमॅन’ मालिकेच्या धूनवर ‘लीडर’, म्हणजे पंथाच्या नेत्याचं नाव, म्हणायला लावल्यावर लगेच गळाला लागतो. टीव्हीचं गाणं आणि पंथाचा जप एकाच वाटेने डोक्यात शिरतात. ‘साउथ पार्क’ या दुसऱ्या कार्टून मालिकेने २००५मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या वादग्रस्त पंथावर थेट नाव घेऊन भाग केला. धाडस मोठंच, पण माणसं अडकतात कशी, हे मला ‘सिम्पसन्स’नेच जास्त दाखवलं.