पाणीपट्टी: कर, किंमत की वाटा?

विट्याहून एका ताईंनी विचारलं आहे: “आमच्या पाणीवापर संस्थेच्या फळ्यावर ‘पाणीपट्टी वेळेत भरा’ असं लिहिलं होतं. मुलगा म्हणाला, शब्द जुनाट आहे, ‘पाण्याची किंमत’ नाहीतर ‘पाणीदर’ लिहा. यातली ‘पट्टी’ नेमकी कुठली? आणि पाणपट्टी बरोबर की पाणीपट्टी?”

आधी रूपाचं बघू. जुन्या समासांत ‘पाणी’चं ‘पाण’ होतं: पाणवठा, पाणचक्की, पाणकळा. अलीकडच्या समासांत अख्खं ‘पाणी’ राहतं: पाणीपुरवठा, पाणीटंचाई, पाणीवाटप. ‘पाणीपट्टी’ या दुसऱ्या घरातली. जोडून लिहायची.

आता ‘पट्टी’. संस्कृत पट्ट, पट्टिका म्हणजे कापडाचा किंवा फळीचा लांबट तुकडा. जखमेची पट्टी, मोजपट्टी त्यातूनच आल्या. पट्टावर लिहायचेही, म्हणून ताम्रपट. आपल्याकडे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली की अडत्याकडून मिळते तीही पट्टीच: वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं मांडून हातात येणारा हिशोबाचा कागद. “पट्टी आली का?” म्हणजे मालाचा हिशोब झाला का.

पण ताईंच्या शब्दाला सगळ्यात जवळची पट्टी यात्रेची. कराड-तासगाव भागातल्या कुठल्याही गावात यात्रा जवळ आली की बैठक बसते, तमाशा, कुस्त्या, मांडव यांचा खर्च काढतात आणि घरटी पट्टी बसते. आमच्या गल्लीत पट्टी गोळा करायला वडील जायचे, मी वही धरायचो. पट्टी देणाऱ्याला आपण काही विकत घेतो असं वाटत नसे. कुणी सरकारात कर भरतो असंही म्हणत नसे. काम सगळ्यांचं, म्हणून खर्च वाटून घ्यायचा, आणि कोणी किती दिले ते वहीत लिहून ठेवायचं. एखाद्या कामासाठी सर्वांवर विभागून बसवलेली रक्कम हा अर्थ शब्दात चांगला मुरलेला आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या खर्चासाठी बसवलेली ‘सिंहासनपट्टी’ इतिहासाच्या वाचकांना आठवेल.

आता शेजारचे शब्द पारखून घेऊ. ‘कर’ भरल्यावर त्याच्या बदल्यात अमुकच सेवा मिळेल असं बंधन नसतं. ‘दर’ म्हणजे एका मापाला किती पैसे. तो पट्टी काढायचा आकडा झाला, पट्टी नव्हे. ‘किंमत’ म्हणजे वस्तूचं मोल, जे दिलं की वस्तू आपली होते. या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यानं आलं. पाण्याचे दर ठरवायचे निकष त्याच्याकडे आहेत, आणि कायदा सांगतो की वसुलीतून सिंचनाचं व्यवस्थापन, प्रशासन, परिचालन आणि देखभाल यांचा खर्च निघावा. म्हणजे आपण भरतो ते कृष्णेच्या पाण्याचं मोल नव्हे. ते पाणी शिवारापर्यंत आणायचा, कालवा झाडायचा, दारं-गेट दुरुस्त करायचा खर्च आहे, आणि तो वापरणाऱ्यांत वाटलेला आहे. यात्रेच्या पट्टीचाच हा हिशोब. ‘किंमत’ म्हटलं की पैसे टाकले, पाणी माझं, वाटेल तसं वापरीन, असा अर्थ चिकटतो. पाण्याला तो लागू करायला मी तयार नाही.

टेंभूचं उदाहरण घ्या. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडीकडे चढवतात. खर्चाचा मोठा भाग विजेचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या वीजबिलाचं ८१ टक्के शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी असं वाटप ठरलं, तेव्हापासून “८१-१९” हा आकडा पारावरसुद्धा ऐकू येतो. पट्टी या शब्दाचा याहून स्वच्छ दाखला मला सुचत नाही: एकूण खर्च अमुक, त्यातला आपला वाटा तमुक. म्हणून “पाणीपट्टी माफ” ही घोषणा ऐकली की मी अस्वस्थ होतो. कर माफ होऊ शकतो. वाटा माफ झाला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो, नाहीतर पंप थांबतात, आणि पहिल्यांदा कोरडा पडतो तो टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी.

मुलाच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. आपण हा वाटा बरीच वर्षं चुकीच्या मापानं काढला. नमुना नंबर ७, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, त्यावर आकारणी. उसाला एकरी अमुक एकदा ठरलं की दहा पाळ्या सढळ घ्या नाहीतर काटकसरीनं घ्या, पट्टी तेवढीच. मग रात्री दारं धरणारा माणूस पाणी कशाला तोडेल? वाळवा, मिरज भागात नदीकाठच्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यामागे निचऱ्याची अडचण आहे आणि हे बेहिशोबी पाणीही आहे. २००५ च्याच दुसऱ्या कायद्यानं पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं ठरवलं, घनमापन पद्धतीनं. पीक कुठलं घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवावं, संस्थेनं मोजलेल्या पाण्याचे पैसे भरावेत. उन्हाळी हंगामाचा दर खरिपापेक्षा चढा, कारण उन्हाळ्यात धरणातला प्रत्येक थेंब दुर्मीळ. पट्टी तीच राहिली, फक्त ती मापावर आली.

गावठाणातही हा भेद दिसतो. ग्रामपंचायतीच्या पावतीवर सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी अशा दोन ओळी असतात. पहिली सार्वजनिक सोयीसाठी, दुसरी ज्याच्या घरात नळ आहे त्याच्यासाठी. कराडला लागून असलेल्या मलकापूरनं चोवीस तास पाणी देताना घरोघर मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. नळ सतत चालू राहिला तर लोक पाणी उधळतील ही भीती मीटरनं आवरली.

वाट्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. खर्चात वाटा, तसा पाण्यातही वाटा. येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात नदीतली थोडी वाळू विकून बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क मानला. ‘समन्यायी पाणीवाटप’ हे जड शब्दांचं जोडकाम आपल्या जिल्ह्यात बायाबापड्यांच्या तोंडी बसलं ते अशा कामांमुळे. ज्याला पाण्यात वाटा आहे त्याच्याकडे पट्टी मागायला तोंड राहतं.

तर ताई, फळ्यावरचा शब्द पुसू नका. त्याखाली दोन आकडे लिहा: या आवर्तनात संस्थेला किती पाणी मिळालं आणि त्याचा दर किती. मुलाला हवा असलेला ‘पाणीदर’ तिथे योग्य जागी येईल. आणि आटपाडी, जतकडे पाण्याच्या वाट्याला किंवा वर्गणीला ‘पट्टी’खेरीज जुन्या माणसांच्या तोंडी दुसरा शब्द असेल, तर तो मला जरूर कळवा.